तुम्ही काहीतरी केलं असेल!

मराठी भाषेतली काही वाक्यं माणसाला जन्मभर पुरतात. ‘बघू’, ‘उद्या या’ आणि ‘साहेब जागेवर नाहीत’ ही त्यांतली तीन. आम्ही पडलो बँकेतली माणसं, त्यामुळे या तिन्ही वाक्यांचे आम्ही घाऊक व्यापारी आहोत असा समाजात समज आहे. त्याबद्दल इथे वाद घालत नाही. काउंटरवर घालतो तेवढा पुरे. पण गेल्या काही वर्षांत या तिघांच्या जोडीला चौथं वाक्य येऊन बसलं आहे, आणि ते मात्र आम्ही जन्माला घातलेलं नाही. ते वाक्य म्हणजे ‘तुम्ही काहीतरी केलं असेल.’

कॉम्प्युटर बंद पडला, तुम्ही काहीतरी केलं असेल. मोबाईल तापला, तुम्ही काहीतरी केलं असेल. या वाक्याची रचना पाहा. ‘तुम्ही’ म्हणजे आरोपी नक्की. ‘काहीतरी’ म्हणजे गुन्हा अनिश्चित. ‘असेल’ म्हणजे पुरावा शून्य. एवढ्या भांडवलावर कल्याणच्या कोर्टात कोणी कोंबडीचोराला सुद्धा उभं करणार नाही. पण यंत्राच्या दुनियेत एवढ्यावर शिक्षा होते, आणि गंमत म्हणजे आपण ती मान खाली घालून भोगतो. या वाक्याला माझा सक्त विरोध आहे आणि तो लेखी नोंदवावा एवढ्यासाठीच हा प्रपंच.

विरोधाला निमित्त झालं ते एका तळहाताएवढ्या हिरव्या पट्टीचं. तिचं नाव वायरलेस नेटवर्क कार्ड.

आमच्याकडे इंटरनेट येतं ते गच्चीवरून. डोंबिवली पूर्वेच्या आकाशात पक्षी कमी आणि केबलवाल्याच्या वायरी जास्त. एका सोसायटीच्या टाकीवरून दुसरीच्या टाकीवर, तिथून आंब्याच्या फांदीला विळखा घालून ती वायर आमच्या हॉलमध्ये उतरते आणि टीव्हीशेजारच्या लुकलुकणाऱ्या डबीत शिरते. कॉम्प्युटर मात्र आतल्या खोलीत. म्हणून डबीपासून कॉम्प्युटरपर्यंत उंबरठा ओलांडून निळी वायर टाकलेली होती. त्या वायरीला आईचा पाय दोनदा अडकला, तेव्हा ‘एक तर ही वायर घरात राहील, नाहीतर मी’ असा सौभाग्यवतींचा निर्वाणीचा खलिता आला. वायरीपेक्षा सौभाग्यवतींची उपयुक्तता अधिक असल्यामुळे मी ठाण्याला उतरून बिनतारी कार्ड घेऊन आलो.

बिनतारी म्हणजे काही कालचं पोर नव्हे. या वाय-फायचं पहिलं प्रमाणित तंत्र १९९७ सालचं. आपल्या सरकारने जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला, आणि तेव्हापासून घराघरांतल्या डब्या हवेतून बोलू लागल्या. एवढ्या वर्षांत मूल कॉलेजात जातं. तेव्हा हे तंत्रही शहाणंसुरतं झालं असेल असं कोणाही सुबुद्ध माणसाला वाटावं. खोक्यावर तर हिरवळीवर बसून लॅपटॉपकडे पाहून हसणारं चौघांचं कुटुंब होतं. (डोंबिवलीत एवढी हिरवळ दिसली तर कुटुंब लॅपटॉपकडे बघणार नाही, हिरवळीकडे बघेल; पण ते असो.) मागच्या बाजूला ‘तीन सोप्या पायऱ्या’ होत्या. पहिली, कार्ड बसवा. दुसरी, सोबतची सीडी घाला. तिसरी, आनंद घ्या.

कार्ड बसलं. सीडी घालायला कॉम्प्युटरला भोकच नव्हतं, कारण हल्लीच्या यंत्रांना ते नसतं. ही बातमी कार्ड बनवणाऱ्यांपर्यंत पोचलेली नसावी. तशी त्यांनी दुसरी सोय केली होती: ‘किंवा ड्रायव्हर आमच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या.’ म्हणजे इंटरनेट आणण्यासाठी जे बसवायचं, ते बसवण्यासाठी आधी इंटरनेट हवं. आमच्या बँकेत पूर्वी खातं उघडायला ओळख देणारा जुना खातेदार लागे, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे ओळख देणारा खातेदार आपणच व्हायचं. शेवटी मोबाईलने खोक्यावरचा चौकोनी कोड टिपून त्या पानाचा पत्ता काढला आणि कल्याणच्या मेहुण्याने त्याच पानावरचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर आणून दिला. आम्ही तो चालवला. पट्टी साठ टक्क्यांपर्यंत हिरवी झाली आणि पडदा निळा झाला. निळ्यावर एक रुसलेला चेहरा आणि खाली अगम्य आकडे. बंद करून चालू केला. दोन मिनिटं बरा चालला आणि पुन्हा निळा. तिसऱ्यांदा तर लक्ष्मीपूजनाला लावतात तसा उगीचच लावलेला वाटावा, इतका वेळ तो निळाच राहिला.

इथून आमची वारी सुरू झाली.

ठाण्याचा दुकानदार म्हणाला, “साहेब, कार्ड ओके आहे. आपला मदरबोर्ड जुना असेल.” कल्याणला ज्याने मशीन जोडून दिलं होतं तो म्हणाला, “काका, दोन वर्षं मशीनने कधी तक्रार केली? कार्ड काढून टाका.” कार्डवाल्यांच्या मदत क्रमांकावर चाळीस मिनिटं सतार ऐकल्यावर एक गोड आवाज म्हणाला, “सर, हा कॉम्प्युटरच्या मूळ प्रणालीचा प्रश्न आहे.” आणि मूळ प्रणालीच्या मदतकेंद्रात कळलं की ड्रायव्हर ज्याने लिहिला त्यालाच विचारावं. चौघांची चार मतं. पण समारोपाच्या वाक्यावर चौघांचं एकमत. ते वाक्य कोणतं हे वाचकांनी ओळखलं असेलच.

मी कॉमर्सचा पदवीधर आहे. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या साधूपुरुषाने छापलेल्या ग्रंथात द्विनोंदी पद्धतीचं वर्णन आहे, आणि तिच्यावर माझी दत्तगुरूंच्या खालोखाल श्रद्धा आहे. प्रत्येक नावेला एक जमा. एकाच्या खात्यातून गेलं तर दुसऱ्याच्या खात्यात दिसलंच पाहिजे. इथे चौघांनीही स्वतःला जमा दाखवली आणि नावे मात्र माझ्या एकट्याच्या नावावर टाकले. बँकेत जो फरक कोणाच्याच नावावर बसत नाही तो आम्ही ‘सस्पेन्स’ खात्यात टाकतो. पण तिथेही ऑडिटर येतो आणि विचारतो की हा आकडा इथे किती दिवस पडून आहे? या चार कंपन्यांचं सस्पेन्स खातं म्हणजे मी, आणि ऑडिटर कोणीच नाही!

आता ड्रायव्हर म्हणजे काय, ते सांगतो. डोंबिवली स्टेशनाबाहेरच्या रिक्षाच्या ड्रायव्हरशी याचं नातं फक्त नावापुरतं, आणि नको तिथे अडून बसण्यापुरतं. कॉम्प्युटरला कार्डाची भाषा येत नाही, कार्डाला कॉम्प्युटरची येत नाही. मधला दुभाषा तो ड्रायव्हर. मात्र हा दुभाषा दारात उभा राहत नाही. पत्रं टाइप करणारा किंवा गाणी वाजवणारा साधा प्रोग्रॅम चुकला तर तो एकटा मरतो, बाकीचं यंत्र चालू राहतं. आमच्याकडे एका काउंटरचा हिशोब चुकला तर तेवढा काउंटर थांबतो, तसंच. पण अशा कार्डाचा ड्रायव्हर सामान्यपणे थेट यंत्राच्या गाभाऱ्यात बसून काम करतो. त्याने तिथे नको त्या कप्प्यात हात घातला, की पुढचा घोटाळा वाचवण्यासाठी सगळं यंत्र मुद्दाम थांबवलं जातं. निळा पडदा म्हणजे रोग नव्हे, रोग दिसल्यावर लावलेली जमावबंदी आहे. आमच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोघांकडे असतात; एकट्याला आत जाता येत नाही. इथे ज्याला आपण तासापूर्वी ओळखतही नव्हतो अशा दुभाष्याच्या हाती दोन्ही किल्ल्या देऊन आपण चहाला जातो.

‘पण ड्रायव्हरवर सही असते,’ असं जाणकार सांगतात. असते. विंडोजच्या नव्या आवृत्त्या बिनसहीच्या ड्रायव्हरला गाभाऱ्यात सहजी घेत नाहीत. पण सही तपासणं हा माझा वीस वर्षांचा धंदा आहे. चेकवरची सही खरी आहे एवढ्यावरून खात्यात पैसे आहेत असं सिद्ध होत नाही! सही सांगते की कागद कोणाचा आहे. तो वटेल की नाही हे सही सांगत नाही.

अखेर आमच्या मजल्यावरचा इंजिनियरिंगचा एक विद्यार्थी आणि आमचे चिरंजीव यांनी रविवारी सकाळी यंत्र उघडलं. त्यांची पद्धत मला फार आवडली, कारण ती ताळेबंद न जुळल्यावर आम्ही वापरतो तीच होती. आधी वीज काढून कार्ड उपटलं आणि यंत्र चालवलं. चाललं. म्हणजे फरक त्या नोंदीच्या आसपास. मग कार्डाचे सोनेरी दात पुसून ते दुसऱ्या खाचेत बसवलं. पुन्हा निळं. म्हणजे खाच निर्दोष. मेमरी तपासली, ती ठीक. मग यंत्र ‘सेफ मोड’मध्ये, म्हणजे मोजक्याच नोकरांनिशी चालू केलं. पूर्वी त्यासाठी एफ-आठ नावाची कळ दाबायची असे. आता बहुधा दोनतीनदा अर्धवट चालू करून बंद केलं की दुरुस्तीचा पडदा येतो आणि त्यातून आत जावं लागतं. म्हणजे यंत्राला चोरवाटेने गाठायचं! निळ्या पडद्यावर ‘सिस’ या शेपटीची एक फाइल दिसली होती, तिचं नाव मुलांनी टिपून ठेवलं होतं. त्या नावाचा ड्रायव्हर समूळ काढला. कार्डावरच्या चिपचा क्रमांक वाचला आणि ती चिप ज्याने बनवली त्याचा नवा ड्रायव्हर घातला. यंत्र चालू झालं, ते आजतागायत चालू आहे.

दोष कुठे होता? खोक्यावरच्या कोडने ज्या पानावर नेलं, त्याच पानावर ठेवलेला ड्रायव्हर मूळ प्रणालीच्या जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेला होता. एवढंच. आम्ही ‘काहीतरी’ केलं नव्हतं. त्यांनी सांगितलं तेच, सांगितलं तसंच केलं होतं, आणि म्हणूनच यंत्र कोसळलं होतं.

या धंद्यात आणखी एक चमत्कार चालतो. एकाच नावाच्या, एकाच खोक्यातल्या कार्डात कधी एका कंपनीची चिप असते तर कधी दुसऱ्या कंपनीची. फरक कळायचा तो ‘आवृत्ती दोन’ अशा बारीक अक्षरांवरून, आणि ती अक्षरं कार्डाच्या चिकटपट्टीवर मुंगीच्या पावलांनी छापलेली. नाव तेच, माणूस दुसरा. आमच्याकडे एका नावाने खातं उघडून भलत्याच माणसाने पैसे काढले तर पोलीस येतात. इथे त्याला ‘हार्डवेअर रिव्हिजन’ म्हणतात.

कोणी म्हणेल, एका हजाराच्या आत मिळणाऱ्या कार्डापायी एवढं आकांडतांडव कशाला? त्याला माझं उत्तर आहे १९ जुलै २०२४.

त्या दिवशी क्राउडस्ट्राइक नावाच्या अमेरिकन कंपनीने आपल्या सुरक्षा प्रोग्रॅमसाठी एक छोटी सुधारणा पाठवली आणि जगभरातले सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळे झाले. हा आकडा मायक्रोसॉफ्टनेच दिलेला. विमानं जमिनीवर राहिली. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. दहा बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाल्याचं रिझर्व्ह बँकेने सांगितलं. तो प्रोग्रॅमही असाच गाभाऱ्यात बसणारा. आणि उपाय काय निघाला? सेफ मोडमध्ये जाऊन ती सदोष फाइल काढणं. बहुतेक ठिकाणी एकेका यंत्रापाशी माणूस बसवून, हाताने. म्हणजे आमच्या दोन पोरांनी डोंबिवलीत रविवारी सकाळी जे केलं तेच!

पुढच्या महिन्यात त्या कंपनीने कारण छापून जाहीर केलं. प्रोग्रॅमच्या एका भागात माहितीचे २१ रकाने ठरले होते आणि प्रत्यक्षात पुरवले जात होते २०. एकविसावा रकाना वाचायला गेलेला प्रोग्रॅम नको त्या जागी पोचला आणि यंत्र थांबलं. मला हे वाचून भरून आलं. व्हाउचरवर रकाने एकवीस आणि नोंदी वीस, हे दुःख कारकुनाशिवाय कोणाला कळणार?

पण माझा मुद्दा वेगळा आहे. त्या दिवशी एकाही विमान कंपनीला कोणी म्हणालं नाही की ‘तुम्ही काहीतरी केलं असेल.’ कंपनीच्या प्रमुखाने माफी मागितली. ८५ लाख यंत्रं कोसळली की तो अपघात ठरतो, त्याचा अहवाल निघतो. एकाच माणसाचं यंत्र कोसळलं की ते त्याचं अज्ञान ठरतं. रोग एकच, औषध एकच. फक्त रोगी एकटा असला की दोषही त्याचाच. हा न्याय मला मान्य नाही.

आमच्या बँकांत यंत्र आलं तेव्हा भांडण झालं होतं. १९८३ साली कर्मचारी संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला आणि १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला. त्या काळातले ज्येष्ठ सहकारी अजून तावातावाने त्या सभांच्या गोष्टी सांगतात. भीती होती ती नोकरीची, आणि ती खोटी नव्हती. पण यंत्र चुकलं तर त्याची शरम कोणी बाळगायची, हे भांडण आपण अजून सुरूच केलेलं नाही. आणि ते सुरू न केल्याची किंमत कोण मोजतं, ते मला दर नोव्हेंबरात दिसतं.

नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. २०१४ पासून तो डिजिटल पद्धतीनेही देता येतो. बोट टेकवायचं, ठसा जुळला की तुम्ही हयात. एका वर्षी पातळाच्या पदराला बोट पुसत एक आजी आल्या. उभा जन्म भांडी आणि धुणं यांत गेलेला. बोटांवरच्या रेषा गुळगुळीत झालेल्या. यंत्र म्हणालं, ठसा जुळत नाही. दुसरं बोट, तिसरं बोट, पुन्हा तेच. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, “आजी, नीट ठेवा की बोट!” तशा आजी माझ्याकडे वळून हात जोडून म्हणाल्या, “चुकलं हो माझं, साहेब.”

मी त्यांना कागदी फॉर्म दिला. तो अजूनही चालतो. अंगठा घेतला, सही केली, आजी हयात झाल्या आणि आशीर्वाद देऊन गेल्या. पण ते ‘चुकलं हो माझं’ काही कानातून जाईना. ज्या बोटांनी साठ वर्षं काम केलं ती बोटं चुकीची, आणि ज्या यंत्राला अशी बोटं वाचता येत नाहीत ते बरोबर! हे त्यांना कोणी शिकवलं? एका दिवसात कोणीच नाही शिकवत. ‘तुम्ही काहीतरी केलं असेल’ हे वाक्य माणूस इतक्या वेळा ऐकतो की पुढे समोरच्याला ते उच्चारायचीही गरज उरत नाही. आपणच ते म्हणू लागतो, फक्त ‘तुम्ही’च्या जागी ‘मी’ घालून.

म्हणून माझ्या काही मागण्या आहेत. संघटनेत वाढलेला माणूस मागण्यांशिवाय लेख संपवत नाही.

पहिली. खोक्यावरच्या हसऱ्या कुटुंबाच्या जागी आतल्या चिपचं नाव, कार्डाची आवृत्ती आणि ते कोणत्या प्रणालीवर चालवून पाहिलं आहे, हे मोठ्या अक्षरांत छापावं. कुटुंबाला घरी पाठवावं.

दुसरी. यंत्र कोसळलं तर पडद्यावर माणसाच्या भाषेत, आणि महाराष्ट्रात विकलेल्या यंत्रावर मराठीत, लिहून यावं की अमुक कंपनीच्या तमुक ड्रायव्हरमुळे यंत्र थांबवलं आहे. तुमचा दोष नाही. २०१२ मध्ये त्या पडद्यावर रुसलेला चेहरा आणला, २०१६ मध्ये चौकोनी कोड आणला, आणि २०२५ मध्ये निळ्याचा रंग काळा केला व तो चेहराही काढला. तेरा वर्षांत चेहरा येऊन गेला, रंगही बदलला. आता एक वाक्य बदलायला हरकत नसावी.

तिसरी. ज्याने विकलं त्याने परत घ्यावं, ‘मदरबोर्ड जुना असेल’ हा मंत्र न म्हणता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाच्या दायित्वाचं एक वेगळं प्रकरणच आहे, आणि योग्य वापराच्या पुरेशा सूचना नसणं हाही त्यात दोष धरला आहे. ‘आनंद घ्या’ ही सूचना पुरेशी आहे का, हे एकदा कोणी वकिलाने तपासावं.

आणि चौथी मागणी कंपन्यांकडे नाही, वाचकहो, तुमच्याकडे आहे. यंत्र पुढच्या वेळी कोसळेल तेव्हा पडद्यावरचा आकडा आणि फाइलचं नाव लिहून घ्या, आणि समोरचा ते अमर वाक्य म्हणाला की शांतपणे विचारा, “काय केलं? नेमकं काय? दाखवा!” आमच्या बँकेत ज्याला फरक दाखवता येत नाही त्याला तो दुसऱ्याच्या नावावर टाकता येत नाही. एवढा साधा नियम जगभरच्या हुशार कंपन्यांना जड जाऊ नये. जड गेलाच, तर आमच्या शाखेतला कोणीही कारकून येऊन शिकवील. फक्त लंच टाइम सोडून यावं लागेल!